तळीतले मासे कोणाचे

रेवदंड्यात जिवंत मासा आणून पाळणारा माणूस एकच झाला, तो माझा नवरा. साऱ्या गावाने त्याला वेड्यात काढलं. तीस-एकतीस सालची गोष्ट असेल. तो जपानला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता, वर्षातून एखादा महिना घरी. मी रोह्याकडची, डोंगराआडची मुलगी. समुद्राच्या आवाजाने मला आधी झोपच यायची नाही. "तुझ्या सोबतीला कायतरी आनतो," म्हणून गेला आणि आला तो घासलेटच्या डब्यात तांबडे-पांढरे मासे घेऊन. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं. आपल्या वाट्याचं तो या माशांना घालायचा. तरी निम्मे वाटेत मेलेच.

अम्माने, म्हणजे माझ्या सासूने, डब्यात डोकावून कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! खायचे न्हायत तर आनलेस कशाला?"

घरामागे नारळाच्या वाडीत दगडाने बांधलेली लहानशी तळी होती. मासे तिथे सोडले. नवरा बोटीवर गेला आणि मी त्यांच्या नादी लागले. सकाळी भाकरीचा तुकडा कुस्करून घेऊन बसायचे. कितीतरी दिवस ते तळाशीच दबून राहिले. मीही हट्टी. मग एकदा त्यांतला मोठा, डोक्यावर तांबडा डाग असलेला, वर आला आणि त्याने माझं बोट तोंडात घेतलं. दात न आलेलं बाळ चोखतं तसं. मला मूल नव्हतं. मी तिथेच बसून रडले, सांगायला लाज कसली?

अम्माच्या तोंडाचा पट्टा चालूच. "सासूला पानी द्यायला सवड न्हाय हिला, नि माशांना घास भरवते!" मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, "मासे उलटून बोलत न्हायत, अम्मा."

दोनेक वर्षांनी नवऱ्याच्या बोटीवरचा गावातलाच एक खलाशी एकटा परत आला. ओटीवर बसला, पाणी मागेना की बोलेना. तेव्हाच कळलं. जपानच्या वाटेवर ताप आला आणि त्यातच गेला. नमाज पढून त्याला समुद्रात सोडलं. अम्मा म्हणाली, "अल्लाची अमानत होती, त्यानं नेली." डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पण त्या दिवसापासून तिने मासळी सोडली. रेवदंड्यात राहून मासळी सोडायची! कोणी विचारलं तर म्हणायची, "ज्या पान्यानं माजा पोर गिळला, त्या पान्यातलं मी खानार न्हाय."

मी इद्दतीला बसले. नवरा गेला की आमच्यात बाईने चार महिने दहा दिवस परपुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. वाडीला कुंपण नावापुरतं. नारळ पाडणारे, पाणी शेंदणारे यांची सारखी ये-जा. त्यामुळे तळीवर जाणं बंद. मी आतल्या खोलीत, आणि मासे उपाशी मरतील या घोराने मला नवऱ्याचं दुःखसुद्धा धड करता येईना. अम्माला सांगायची तर सोयच नव्हती.

एका सकाळी खिडकीतून तिचाच आवाज आला. ती तळीवर बसली होती. वाटलं, माशांना शिव्या घालतेय. थोड्याफार घालतही होती. "खा रे. वर ये. किती वाळलास! बोटीवर देत न्हायत काय खायला? ताप आला तर आयेला सांगायचं न्हाय व्हय?"

मी खिडकी लावून घेतली. ते दुसऱ्या कोणी ऐकायचं नव्हतं. पुढे रोज हेच. लोकांसमोर ताठ, आणि तळीवर अशी.

इद्दत संपली तसा माझा भाई मला न्यायला आला. मी तरुण होते, पदरात मूल नव्हतं. माहेरी नेऊन माझा दुसरा निकाह लावायचा हे ठरलेलंच होतं. त्यासाठी अम्मानेच आग्रह धरला होता. रोह्याचा मचवा भरतीबरोबर सुटणार होता. मी बोचकं बांधलं. मनात एकच होतं, मासे न्यायचे. नवऱ्याचं दुसरं काय होतं माझ्याकडे? ना मूल, ना कबर. मासे माझे होते, माझ्यासाठी आणलेले. भाईला तसं बजावूनही ठेवलं होतं.

अम्माने स्वतः घासूनपुसून हंडा काढून दिला. "ने गो तुजे मासे. त्यानं तुजेसाठी आनलेले. मला म्हातारीला कशाला?" बोलताना ती हंड्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

तळीवर बसून मी पाण्यात हात घातला. अम्मा मागे दारात उभी. तो तांबड्या डागाचा सरळ माझ्याकडे आला आणि बोट चोखू लागला. इतके दिवस गेले तरी विसरला नव्हता.

मी हात काढून पदराखाली घेतला. "येत न्हायत, अम्मा," मी म्हटलं. "मला वळखत न्हायत आता. तुमचेच झाले."

ती गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी येऊन बसली. भाकरी कुस्करली. "ये रे माज्या," म्हणाली, आणि मी तिथे आहे हेच विसरली. भाईने मला हाक मारली तेव्हाही तिने मान वर केली नाही.

मचव्यात भाईकडे पाठ करून मी रोह्यापर्यंत रडत गेले. थोरपणाबिरपणा काही नव्हता तो. मासे मला हवे होते. अजून हवे आहेत.