निळीतला पांढरा शर्ट

बादलीतल्या निळीच्या पाण्यात दोन शर्ट अजून बुडालेले होते, दोन पिळून नळावर टांगलेले होते, आणि बायकोचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. तेवढ्यात नवरा न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं, हे अजून पिवळेच आहेत."

"पिवळे?" तिने ओला शर्ट त्याच्या नाकासमोर धरला. "अहो, याहून जास्त नीळ घातली तर तुम्ही आभाळात हरवून जाल. मग मी शोधायचं कुठे?"

"साबण बदलून बघ."

"दोनदा बदलला. आता बदलायचे फक्त तुम्ही राहिलात, आणि त्याला उशीर झाला."

एरवी तो हसला असता. आज तो नुसताच खिडकीशी गेला, परत आला, भर सकाळी खोलीतला दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. कपात चहा अर्धा तसाच होता. कालच निळीतून काढून वाळवलेला शर्ट त्याने अंगात चढवला, पिशवी उचलली आणि "येतो" म्हणायलाही न थांबता निघाला. ती शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली. पण बोलून उपयोग काय? गेलं वर्षभर या घरात रंगावरून रोज वाद.

शहरातल्या सगळ्या गॅलऱ्या त्याला उजेडराव म्हणत. कुणाची चित्रं असोत, कुणाच्या खुर्च्या असोत, प्रदर्शन उघडण्याआधी शिडीवर चढून छताच्या पट्टीवरचे दिवे वळवायचे, तिरके करायचे, कमी-जास्त करायचे, यात त्याची उभी हयात गेली. "करणारे करतात, पण दिसतं ते माझ्यामुळे," असं तो चारचौघांत म्हणायचा. देवाने एवढा ताठा त्याला माफ केला असावा, कारण काम तो जीव ओतून करी. उजेड मोजायचं मीटर पिशवीच्या तळाशी पडून असे. डोळे आहेत की, मीटर कशाला?

पण वर्षभरात काहीतरी बिनसलं होतं. त्याला प्रत्येक प्रदर्शन अंधारलेलं वाटे. मग प्रत्येक दिवा थोडा वाढवायचा. तरी समाधान नाही. घरी येऊन जेवताना मध्येच उठायचा, देवासमोरच्या दिव्याची वात पुढे ओढायचा. "देवाला दिसतंय हो," बायको म्हणायची, "तुम्ही जेवा."

गॅलरीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्घाटन होतं. पुढच्या दालनांत नव्या घडणीची काचेची भांडी आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शेवटच्या खोलीत एका तरुण कलाकार मुलीचं काम होतं: पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या कागदाच्या घड्या. ना रंग, ना रेघ. घडीखाली सावली पडली तरच काम दिसायचं.

उजेडराव आत शिरताच रंगाऱ्यावर घसरला. "ही भिंत पांढरी? यात पिवळा कुणी मिसळला?"

"डबा समोर फोडलाय साहेब. पिवळा तुमच्या डोक्यात असेल."

ती मुलगी खोलीच्या मधोमध उभी होती, रडवेली. "काका, काल रात्री तुम्ही दिवे लावून गेलात आणि माझं काम गेलं. सावल्याच नाहीत. नुसती पांढरी भिंत दिसतेय."

"अंधारात ठेवलं तर लोक ठेचकाळतील."

"काका, दोन वर्षं मी हे करतेय. उद्या लोक येतील आणि रिकामी खोली बघून जातील."

तो चिडून शिडीवर चढला. एक दिवा फिरवला, उतरला, मागे जाऊन पाहिलं. काही कळेना. पुन्हा चढला. दुसरा वाढवला, मुलगी "अय्यो" म्हणाली. पुन्हा उतरला. पूर्वी एका नजरेत जमायचं. आज खोलीच हाताला लागत नव्हती.

खुर्च्यांचे पाय घासायला आलेला सुतार, त्याचा जुना दोस्त, दारात येऊन उभा राहिला. "काय उजेडराव, आज काय दिवे लावताय? आणि हा निळा शर्ट कुठला? जावईबापू निघाले का कुठे?"

"पांढरा आहे हा."

सुतार हसला. रंगारी हसला. डोळे पुसता पुसता ती मुलगीही हसली. "काका, चांगला आकाशी आहे की!"

तो शिडीच्या मधल्या पायरीवरच थांबला. चेष्टा करताहेत? पण तिघांनी मिळून एकच चेष्टा? तो खाली उतरला, भिंतीजवळ गेला, आणि शर्टाची बाही एका कागदाच्या शेजारी धरली, अगदी लागून. बराच वेळ बघितलं. बाही आणि कागद. त्याला दोन्ही सारखेच दिसत होते, जुन्या चादरीसारखे मळकट.

"हे दोन वेगळे आहेत?" त्याने हळूच विचारलं.

आता कुणी हसलं नाही. सुताराने होकारार्थी मान हलवली.

म्हणजे भिंत पांढरीच होती. शर्टही कधीच पिवळे नव्हते. आणि वर्षभर प्रत्येक खोलीत त्याने ओतलेला तो सगळा उजेड? दिवे लावणाऱ्याचे डोळे गेले हे कळल्यावर कोण बोलावणार? सांगितलं तर आपलं काम जातं, गप्प बसलं तर या पोरीचं.

त्याने पिशवीच्या तळातून मीटर काढून सुताराच्या हातात दिलं. "हे कागदाजवळ धर आणि आकडा मोठ्याने वाच. आणि बाळ, तू मागे उभी राहा. सावली हवी तशी पडली की 'थांबा' म्हण. मला काही दिसत नाही असं समज."

"असं समजू?"

"तसंच आहे."

मग तो चढत राहिला, उतरत राहिला. आकडा ऐकायचा, दिवा कमी करायचा, कान तिच्याकडे. त्याच्या लेखी खोली काळोखत चालली होती, आणि मागून तिचा आवाज उजळत होता. "अजून थोडं... थांबा! काका, आल्या. सगळ्या आल्या!"

निघताना तो गॅलरीच्या मॅडमना आपण होऊन म्हणाला, "माझ्या डोळ्यांचं आता खरं नाही."

मॅडमनी हातातली यादी खाली ठेवली. "आधी दाखवून या. मग बघू."

त्या 'मग बघू'ने त्याला वाटभर छळलं. घरी आला तर बादली तशीच होती, ते दोन शर्ट अजून पाण्यात. बायको देवापुढून उठून आली.

"अगं, हा शर्ट निळा आहे?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. ओठांवर आलेला टोमणा गिळला. "आहे हो. कधीची सांगतेय."

"मला नाही दिसत."

बादली तिरपी करून तिने ते निळं पाणी मोरीत सोडून दिलं आणि शर्ट साध्या पाण्यात टाकले. तो खोलीभर येरझाऱ्या घालत होता. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

"सकाळी मी येते बरोबर," ती म्हणाली. "आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं."