दुधात विसळलेला दात

काचीगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त खेळशिक्षिका राहतात. जिन्यात कोणी वाकून चालताना दिसलं की "पाठ सरळ!" म्हणून मैदानावरच्या आवाजात ओरडतात. मलाही त्यांचा जरा धाकच वाटतो.

एका सकाळी माझी बारा वर्षांची मुलगी जिन्यावरून घसरली आणि तिचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. तोंडातून रक्त येत होतं. दात उचलून मी ओढणीनं पुसणार, तोच वरून आवाज आला, "नक्को! मुळाला हात लावू नक्को! दूध आण अगोदर!"

बाई धावतच खाली आल्या. दाताचा पांढरा भाग चिमटीत धरून त्यांनी तो दुधात हलकेच विसळला. "माझ्याकडं बघ, बेटा," म्हणत तो अलगद जागेवर बसवला. "आता हा रुमाल दातांत धर." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अगं, तू रडत काय बसलीस? ऑटो बोलाव. दुधाचा नाही, पक्का दात आहे, लगेच डॉक्टरकडं जायचं."

ऑटोत त्या मुलीशेजारी बसल्या आणि वाटभर तिचा हात धरून होत्या.

हिमायतनगरच्या डॉक्टरांनी तो दात तारेनं शेजारच्या दातांना बांधला. "लगेच जागेवर बसवलात, म्हणून आशा आहे," ते म्हणाले.

पुढे तार निघाली. दात घट्ट बसला होता! घरी येताच मुलगी थेट वर पळाली आणि बाईंच्या दारात तोंडभर हसली. बाईंनी तिची हनुवटी धरून दात नीट निरखला. मग साठी उलटलेल्या त्या बाईंनी माझ्या एवढ्या मोठ्या मुलीला उचललं आणि व्हरांड्यात गिरकी घेतली.