रेकॉर्डवरची घंटा

देवगडच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवली, दोरी दोनदा ओढून बघितली आणि खाली उतरून माझ्या खिडकीशी आले. मी रडत होते. आई रडत नव्हती, कारण तिला वाटत होतं की मी आठवड्याभरात परत येणार. बाबा खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "भिया वाटला तर सरळ घराक ये गो. घर खंय पळान जाणा नाय." गाडी सुटली तेव्हा ते वाक्य मी कनवटीला बांधल्यासारखं जपून ठेवलं. मला तर गाडी सुटायच्या आधीपासूनच भीती वाटत होती.

वाडीतली मंडळी अजूनही मला विचारतात, मुंबईत तुझा जीव रमला कसा? रमला नाही हो. आधी नुसता घाबरला. त्याचीच ही गोष्ट.

साल चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी असेल. अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत मला पॅकिंगचं काम मिळालं होतं. राहायची सोय आपल्या सदूकाकांनी लावून दिली. ते बोटीवर खलाशी होते आणि त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं घर अंधेरीच्या गावठाणात होतं. ख्रिस्ती घर, पण मराठी बोलणारं. अंकल बोटीवर असायचे, घरात आंटी आणि त्यांचा विशीतला मुलगा मेल्विन. मागची एक खोली रिकामी होती, ती मला दिली. सदूकाकांनी सांगितलं होतं, माणसं सोन्यासारखी आहेत. धाकट्या आत्याने सांगितलं होतं, सांभाळून राहा, त्यांच्यात काय काय असतं. मी अर्थात आत्याचं ऐकलं.

मला कशाकशाची भीती वाटायची! गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रुसाची, संध्याकाळी त्याच्यापुढे पेटणाऱ्या मेणबत्त्यांची. कंपनीतल्या सुपरवायझरणीची. रस्ता ओलांडायची तर इतकी, की कुणीतरी ओलांडेपर्यंत मी उभी राहायचे आणि त्याच्या मागून शेळीसारखी पळायचे. आंटी बोलायच्या मोठ्याने आणि धाडधाड. "जेवलीस काय? जेव ना मग! लाजते कोनाला?" मला वाटायचं त्या रागावल्यात. फक्त त्या 'गो' म्हणायच्या तेव्हा क्षणभर आईची हाक वाटायची, आणि मग जास्तच रडू यायचं. त्यांनी माझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. मी त्यात एक रुमालही ठेवला नाही. कपडे ट्रंकेतून काढायचे, धुऊन परत ट्रंकेत घालायचे. ट्रंक भरलेली असली की बरं वाटायचं.

आणि सगळ्यात भीती वाटायची ती चर्चच्या घंटेची. रोजची घंटा वेगळी, तिची सवय झाली. पण गावठाणात कुणी वारलं की ती वेगळी वाजायची. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मी राहायला आल्यावर लवकरच एक म्हातारे गेले, तेव्हा ती पहिल्यांदा ऐकली. गल्लीतली दारं उघडली, बायका हातातलं काम तसंच ठेवून बाहेर आल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या, "कोन गेला गो?" आपल्याकडे माणूस गेलेलं रडण्यावरून कळतं. इथे आधी घंटा, मग नाव. त्या मधल्या वेळात प्रत्येक जण मनातल्या मनात आपापली माणसं चाचपून बघायचा. माझं तिथे चाचपायला कुणीच नव्हतं, तरी मी खोलीत जाऊन दाराला कडी लावली.

त्या उन्हाळ्यात अंकलची खबर येईनाशी झाली. त्यांची बोट आखातात होती आणि तिकडे लढाई चालू होती. तेलाच्या बोटींवर मारा होतो असं पेपरात यायचं. आंटी पेपर वाचायच्या नाहीत, मेल्विनला वाचू द्यायच्या नाहीत. घरात फोन नव्हता. गावठाणातले बरेवाईट निरोप फादरकडच्या फोनवर यायचे, त्यामुळे चर्चकडून कुणी माणूस गल्लीत वळला की आंटींचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. त्यांना गप्प झालेलं बघून मला कळलं, की त्यांचा तो मोठा आवाज म्हणजे राग नव्हता.

खबर बंद व्हायच्या आधी अंकलनी एका खलाशाबरोबर मेल्विनसाठी एक रेकॉर्ड पाठवली होती. कुठल्याशा विलायती बँडची. कव्हरवर काळपट आभाळ, निष्पर्ण झाडं, मधोमध काळ्या कपड्यांतली एकटी बाई. मेल्विनच्या प्लेअरची सुई मोडली होती, म्हणून ती नुसतीच टेबलावर उभी असायची. मेल्विन तिला देवासारखा जपायचा. मला म्हणाला, "ह्यांची पयली रेकॉर्ड हाय ही. चार पोरं, कारखान्याच्या गावातली. आपल्यासारखीच फाटकी. आणि वाजवतात काय, माहितीय? ऐकशील तर उडशील." मी म्हटलं, मला नको. ते आभाळ बघूनच मला पुरे झालं होतं.

मे महिन्यातला एक रविवार. आंटींचा वर्षाचा मसाला करायचा होता, म्हणून अंगणात चटयांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. जेवणं झाली, आंटी आडव्या झाल्या होत्या. मेल्विनने सकाळीच नवी सुई आणली होती आणि लग्नात वाजवणाऱ्या चुलतभावाकडून दोन भलेमोठे स्पीकर. खोलीत ते मावेनात, म्हणून त्याने अंगणाकडच्या खिडकीत बसवले.

मी माझ्या खोलीत वाक्य जुळवत बसले होते. ठरलं होतं, आज आंटींना सांगायचं: माझ्याने होत नाही, पगार झाला की मी गावी जाते. ट्रंक तर भरलेलीच होती.

आणि पाऊस सुरू झाला. चांगला दणकून आवाज, मागे गडगडाट. मी वाक्यबिक्य सोडून अंगणात धावले. आंटीही उठून आल्या. "मिरची भिजंल गो! धर तिकडनं!" आम्ही चटईची दोन टोकं धरून उचलली आणि दोघींनी एकदमच वर बघितलं. आभाळ निळंभोर. ऊन मी म्हणत होतं. अंगावर एक थेंब नाही आणि पावसाचा आवाज चालूच.

मग त्या आवाजातून घंटा आली. एक ठोका. थांबून दुसरा.

आंटींच्या हातून चटई सुटली. गल्लीतली दारं उघडू लागली. "कोन गेला? कोन गेला गो?" समोरच्या म्हाताऱ्या रोझमावशीने छातीवर क्रूस केला, आणि मग तिने आंटींकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. ज्या घरची खबर येत नव्हती ते घर हेच. ते बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. आंटी निघाल्या, अनवाणी, मिरच्या तुडवत, चर्चच्या दिशेने धावत. त्यांच्या मागे मीही तशीच.

मी का धावले? मला कुणी सांगितलं नव्हतं. अंकलना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, अंकल नको, देवा, अंकल नको. वाटेत तो दगडी क्रूस आला, त्यालाही मी तेच सांगितलं. इतकी भीती मला त्या शहरात एकदाही वाटली नव्हती, आणि त्या वेळी स्वतःसाठी तर तिळभरही वाटत नव्हती.

तेवढ्यात मागून गिटारचा असा काही आवाज फुटला की पत्र्यावरचे कावळे उडाले. जड, संथ, पाताळातून आल्यासारखा. आंटी थांबल्या. मी त्यांच्यावर आदळले. चर्चचा मनोरा समोर गप्प उभा होता. आंटींनी मनोऱ्याकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे. पाऊस, घंटा, सगळं मेल्विनच्या त्या रेकॉर्डवरचं होतं.

"मेल्विन! मेल्या, थांबव ते!"

त्या घराकडे धावल्या आणि मीही धावले. मेल्विन दारात उभा होता, पांढराफटक. त्याला बिचाऱ्याला काही कल्पनाच नव्हती. त्याला एक ठेवून द्यायला आंटींनी हात उचलला आणि त्याच हाताने त्याला जवळ ओढून रडायला लागल्या. मीही रडले. मग आमचे दोघींचे तळवे मिरचीने असे पेटले की रडणं राहिलं बाजूला. मेल्विनने टब भरून पाणी आणलं. आम्ही पायरीवर बसून एकाच टबात पाय बुडवले.

रोझमावशी बघायला आली. म्हणाली, "ही कोन गो, तुझे मागं धावत होती ती?"

"कोन म्हंजे? आमचे घरची पोरगी हाय," आंटी म्हणाल्या. त्याच धाडधाड आवाजात.

थोड्या वेळाने मेल्विनने विचारलं, आता लावू का, हळू? आंटी म्हणाल्या, लाव, तुझे पप्पाने पाठवलीय. मी ती रेकॉर्ड पहिल्यापासून तिथेच बसून ऐकली. आवडली असं म्हणवत नाही. पण त्या गिटारमधली भीती अगदी ओळखीची होती, आणि ती चार पोरं तिच्यापासून पळत नव्हती. आंटींना मी काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी मिरच्या पुन्हा पसरल्या आणि ट्रंकेतले कपडे कप्प्यात लावले.

पुढे जूनमध्ये खरा पाऊस सुरू झाल्यावर अंकलचा फोन आला, फादरकडे. ते खुशाल होते. त्यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा उगाचच इतकी रडले, की ते गोंधळले.

आता मी बोरिवलीला राहते, बाराव्या मजल्यावर. दर वर्षी आंटींकडून बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला मसाला येतो. परवा लेकीने मोबाइलवर काहीतरी लावलं. तोच पावसाचा आवाज आला आणि मी तिला ओरडून सांगितलं, ते बंद कर. पण पहिला ठोका पडलाच, आणि मी चाचपायला लागले. आई. मग लगेच आंटी. मेल्विन. अंकल गेले, तरी तेही. सगळ्यांना नावानिशी आठवून झाल्यावर मी खुर्चीत बसले.

बाबा आता नाहीत. पण मी त्यांचं ऐकलं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. भिया वाटला तर सरळ घराक ये, असं ते म्हणाले होते. मला आयुष्यातला सगळ्यात मोठा भिया त्या रविवारी वाटला, आणि मी तळवे पोळलेली, धावत घरी परत आले. ते घर देवगडला नव्हतं.