सगळे तिथेच का पडतात?

आमच्या मेहुणीला, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीला, सगळे चौकशीबाई म्हणतात. माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली तीच मुळी, "दाजी, तुमची उजवीच चप्पल जास्त का झिजलीय?" तेव्हापासून मी चपला उलटून बघतो!

असो. ही बाई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात खोकी भरते. तिची सूनही तिथेच, भरलेली खोकी गोदामात नेऊन ठेवते. वाटेत जुनी फरशी संपून नवी सुरू होते, तिथे बोटभर उंचवटा. त्यावर ठसठशीत पिवळा पट्टाही मारलेला. तरी माणसं नेमकी तिथेच अडखळायची. सून दोनदा आपटली, कोपर फुटलं, बाटल्यांचा चुरा झाला. मुकादम म्हणाला, "वेंधळी आहेस. आता पडलीस तर घरी बस."

"वेंधळी मी म्हणेन, घरी! तुम्ही नाही म्हणायचं," सासू कडाडली आणि चौकशीला लागली.

जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याशेजारी उलटं खोकं टाकून ती येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय न्याहाळत बसे. "काय मावशी, चपलांचं दुकान काढताय?" लोक विचारत. तिला वाटलं, तेल सांडत असेल. म्हणून भुसा टाकला. तेल नव्हतंच, उलट भुशावरून दोघं घसरले. मुकादम तेव्हा जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एक रिकामं खोकं उचलून ती स्वतःच निघाली. पट्टा ठाऊक, उंचवटा ठाऊक, आणि तरी बाई धाडकन पालथी! सून धावत आली, तर ही फरशीवर बसून हसतेय.

"अगं, मी घड्याळाकडे बघत होते!"

वळण घेतलं की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदा दिसायचं ते बरोबर पट्ट्यापाशी. कामावरून सुटायला किती वेळ उरला हे बघायला प्रत्येकाची मान वर जायची. हिने इतके दिवस पाय पाहिले, तोंडं पाहिलीच नव्हती.

मुकादमानेही त्या वाटेने चालून पाहिलं. त्याचीही मान गेली वर! "उतरवा ते," तो हसत म्हणाला. घड्याळ यंत्रांजवळ गेलं, गवंड्याने उंचवट्याचा उतार केला.

दुसऱ्या दिवशी सून भरलेलं खोकं घेऊन निघाली. सासूचे हात थांबले. सून पट्ट्यावरून सरळ पलीकडे गेली, खोकं ठेवून परत आली.

"आई, श्वास सोडा की आता. आणि हात चालवा, माझं पुढचं खोकं अजून अर्धंच आहे!"