सासवांची शाळा

मेहरुनभाबी मुलाणींचा आवाज असा आहे की कुंडलच्या कुस्तीच्या मैदानात लाउडस्पीकर बंद पडला तर पंचांनी खुशाल त्यांना बोलवावं. त्यांनी कानात सांगितलेलं पलूसच्या स्टँडवर ऐकू येतं, असं गाव म्हणतं. वय बावन्न, उंची पावणेपाच फूट, हातात बारमाही छत्री. ही छत्री कुत्र्यांसाठी आणि नवऱ्यांसाठी आहे, असं त्या स्वतःच सांगतात. नवरे म्हणजे दुसऱ्यांचे. त्यांचा स्वतःचा, लियाकत, शिंपीकाम करतो आणि सुईत दोरा ओवताना बोलायचं नसतं या सबबीवर तीस वर्षं गप्प आहे.

हुद्द्याने भाबी गटप्रवर्तक, म्हणजे वीसेक आशाताईंच्या मुकादम. पण गाव त्यांना ओळखतं ते गरोदर बायकांची आणि नव्या आईबापांची शाळा भरवणाऱ्या म्हणून. दर मंगळवारी दुपारी समाजमंदिरात सतरंज्या पडतात. आरंभी फक्त पोरी यायच्या. मग भाबींनी त्यांचे नवरे ओढून आणले. बाळ धरायला शिकवायचं म्हणून लियाकतने ब्लाउजांच्या उरल्यासुरल्या कापडाची बाहुली शिवून दिली. तिचा एक पाय जांभळा, एक पोपटी. आकाराम पैलवानाने मैदानात भल्याभल्यांची पाठ लावलेली. तो त्या बाहुलीपुढे घामाघूम झाला.

"आवं भाबी, मान निसटती हिची!"

"मग धर की रं! समोरच्याची मान आवळायला बरी जमती, लेकराची सावरायला काय झालं?"

पण भाबींच्या लवकरच ध्यानात आलं की पोरी आणि नवरे शिकून उपयोग नाही. घरी गेलं की सासूचं राज्य. पोर म्हणायची, "भाबींनी सांगितलंय, पहिलं दूध द्यायचं." सासू म्हणायची, "भाबी तुझी का मी तुझी?" विषय संपला. मग भाबींनी एक डाव टाकला. त्या घरोघर गेल्या आणि प्रत्येक सासूला म्हणाल्या, "मला मेलीला काय कळतंय? तुमी या आणि पोरींना चार गोष्टी सांगा." सासवा शिकायला कशाला आल्या असत्या! शिकवायला म्हटल्यावर नऊवारीची घडी मोडून आल्या.

त्यात सगळ्यात पुढे शालूबाई. त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत आहे, पण घरातली कमांड कायम शालूबाईंकडे. पहिल्याच दिवशी त्या उठून म्हणाल्या, "पहिलं दूध चिकट आसतंय. ते पिळून टाकायचं. आमी टाकलं, आमच्या सासवांनी टाकलं."

"शालूबाई, म्हस व्याली की चिकाचं काय करता?" भाबींनी विचारलं.

"काय करणार? खरवस."

"टाकत न्हाई?"

"टाकतंय व्हय कोण! शेजारी वाटी वाटी मागाय येतात."

"म्हणजे म्हशीचं ते खरवसाला, आणि बाईचं ते उकिरड्याला?"

समाजमंदिर हसून हसून आडवं झालं. शालूबाई लाल झाल्या, खाली बसल्या, आणि पुढच्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या सतरंजीवर हजर. तिथून पुढे त्या शाळेच्या मॉनिटर. भाबी एक वाक्य बोलल्या की शालूबाई त्याची तीन करून सांगायच्या.

शेंगदाण्यांची युक्तीही शालूबाईंना तोंडपाठ. शेवटच्या तीन महिन्यांत रोज जेवण झालं की पोरीने डाव्या कुशीवर पडायचं. शेजारी दोन वाट्या, एकीत दहा शेंगदाणे. पोटात बाळ हललं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. दोन तासांत दहा झाले नाहीत, तर दाणे तिथेच टाकायचे आणि त्याच पायी दवाखाना. "सासूला ईचारत बसायचं न्हाई," असं शालूबाई वर पुस्ती जोडायच्या आणि बाकीच्या सासवांकडे रोखून बघायच्या.

सहा वर्षं ही शाळा चालली. तालुक्याचे साहेब बघून गेले, फोटो काढले, भाबींना शाल घातली. ती शाल बाहुलीला गुंडाळायला लागते.

मग शालूबाईंच्या सुनेला, अंकिताला, दिवस गेले. शाळेत तिने एक मंगळवार चुकवला नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि औंधजवळच्या तिच्या गावाहून तिची आई न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काहीच नाही. निघताना विहीणबाई हसत म्हणाल्या, "आता तुमची जबाबदारी संपली. तुमी बारशालाच या." बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण शालूबाईंना ते टोचलं, आणि विहिणींमध्ये लुडबुड केली असं नाव नको म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं की आता तोंड उघडायचं नाही.

नववा लागून आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी अंकिताचा सासूला फोन आला.

"आत्या, आज सातच झाले. दोन तास उलटले. आई म्हणती दिवस भरत आले की बाळ गप बसतंय. जाऊ का दवाखान्यात?"

शालूबाईंना उत्तर पाठ होतं. सहा वर्षं त्यांनी ते गावाला ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या, "आई म्हणती तर आसंल. आई हाय तिथं, तिला कळतंय."

आयुष्यात पहिल्यांदा शालूबाईंनी पडतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही दाणा हलला नाही. साताऱ्याला नेलं तेव्हा बाळाचे ठोके लागत नव्हते. मुलगा होता. शालूबाई पोचल्या तेव्हा त्याला कापडात घेऊन अंकिताचे वडील नानासो पुरायला निघालेच होते. आईला अशा वेळी लेकरू दाखवत नाहीत, जीव अडकतो म्हणतात. अंकिताला दाखवलं नाही.

बातमी आली त्या मंगळवारी मेहरुनभाबी समाजमंदिरात आल्या आणि सतरंजी न अंथरताच फरशीवर बसल्या. आशाताईंपैकी एक सांगते, त्या कुणाशी न बोलता आपलं जुनं रजिस्टर उलटत होत्या. पहिलटकरणीच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात एकच शब्द: माहेरी. त्याच्या खालच्या नावापुढेही माहेरी. पानापानावर माहेरी. तो शब्द त्यांच्याच अक्षरात होता. गाव सांगलीचं, माहेर साताऱ्याचं. जिल्हा बदलला की रजिस्टर बदलतं, आणि इथल्या आशाताईचं काम संपतं.

पहिलं लेकरू आईच्या घरी होतं, हे कुंडलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाबींना तर होतंच, त्यांची स्वतःची दोन्ही माहेरीच झाली. तरी सहा वर्षं त्या सासवांना शिकवत बसल्या. ज्या बाईच्या हातात पोर सोपवली जाते, तिला शेंगदाण्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं. आता भाबी सातव्या महिन्यात पोरीच्या मागोमाग तिच्या माहेरी जातात, आमंत्रण नसताना, एसटीने, बाहुली पिशवीत घालून. लोक हसतात. भाबी हसत नाहीत. पण ते नंतर सुरू झालं.

बाराव्या दिवशी शालूबाई भाबींच्या दारात आल्या, लियाकतला उठवून बाहेर घालवलं, आणि त्या संध्याकाळच्या फोनचं सगळं सांगितलं.

"कुणाला बोलू नगंस मेहरुन. वीरधवललाबी ठावं न्हाई."

"अंकिता कशी हाय?"

"जेवत न्हाई. एकच म्हणती, माझं मोजायचं चुकलं. डुलकी लागली आसंल म्हणती, दाणा टाकायचा ऱ्हायला आसंल."

भाबींनी छत्री घेतली. "चला."

"मी येती. पर मी सांगणार न्हाई."

विटा गाव ओलांडून पुढे जाईपर्यंत एसटीत दोघींपैकी कुणी बोललं नाही. त्या दोघी शेजारी बसल्या आणि गाडीत शांतता होती, हे ऐकून गावातल्या लोकांना खरं वाटलं नव्हतं.

अंकिताच्या आईने दारातच अडवलं. "इसरू द्या तिला. तो इषय काढू नका." आत अंकिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. छातीला घट्ट ओढणी बांधलेली, ती पुढून ओली. दूध कुणाला विचारून येत नाही. भाबींच्या शाळेत बाळाला कसं धरायचं, कसं पाजायचं, कसं गुंडाळायचं, सगळ्याला धडा होता. याला नव्हता. भाबी तिच्या उशाशी बसल्या, ओढणी सोडली, अंकिताच्या आईकडून गार पाणी आणि दोन फडकी मागितली, आणि तो गावभर ऐकू जाणारा आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "लय ठणकत आसंल तर थोडं, दाब कमी होण्यापुरतंच पिळायचं. ताप आला तर लगेच डॉक्टर. हे मी सांगाय पायजे हुतं."

"भाबी, माझं कुठं चुकलं?" अंकिता म्हणाली. "मी डाव्या कुशीवरच होते."

"तुझं न्हाई चुकलं. तू सात मोजलेस, सातच हुते. माझी शाळा चुकली. या घराच्या दारात यायचं सोडून मी तुझ्या सासूच्या दारात बसले."

पातेलं घेऊन उंबऱ्यात आलेली अंकिताची आई तिथेच थांबली. "मला कुणी बोललंच न्हाई," ती म्हणाली, आणि पातेलं खाली ठेवायचं विसरून रडायला लागली.

भाबी शालूबाईंकडे बघत नव्हत्या. मुद्दाम फडकं पिळत होत्या.

"मला ठावं हुतं," शालूबाई म्हणाल्या.

अंकिताने मान वळवली.

"तू फोन केलास तवा मला ठावं हुतं. जा म्हणायचं हुतं. म्हणले न्हाई."

"का?"

"तुझ्या आईला राग येईल म्हणून."

अंकिता सासूकडे बघत राहिली. शालूबाईंना वाटलं, आता ती निघून जा म्हणेल. त्या उठायच्या बेतात होत्या. पण तिने वेगळंच विचारलं.

"तुमी बघितलं का त्याला?"

"बघितलं."

"कसा होता?"

अंकिताच्या आईने "नको" म्हणून हात वर केला. भाबींनी तो धरून हळूच खाली घेतला.

"केस लय हुते," शालूबाई म्हणाल्या. "काळेभोर. कपाळापतूर."

"आणि?"

"बोटं लांब. वीरधवलची हायती तशी."

"आणि?"

"डाव्या कानाची पाळी दुमडलेली हुती. झोपल्यागत दिसत हुता."

"आणि?"

शालूबाईंनी तोंड उघडलं. पण नानासोंच्या हातातलं कापड बाजूला सारून त्यांनी नातवाला पाहिलं होतं ते जेमतेम मिनिटभर. पुढचं त्यांच्याकडे काही नव्हतं. अंकिता त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.