डेविएशनवर पास

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी तपासली नाही अशी एकही शाळा भोपाळमध्ये उरली नव्हती, आणि त्यांनी निर्दोष ठरवावी अशी शाळा अजून जगात बांधली गेलेली नाही. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बदलून आलेलं कुटुंब ट्रकमधून आधी गॅस उतरवायचं, मग जिना चढून काकांकडे जायचं आणि त्यानंतर कपाट कुठं ठेवायचं यावर भांडायचं. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी अजून भांड्यांचं पोतं सोडत होते, तर समोरच्या क्वार्टरमधल्या भाभीजी पाण्याची कळशी देता देता म्हणाल्या, "सामान बाद में खोलना, पहले ऊपर जाकर स्कूल पूछ आओ." मला वाटलं, वर कोणी शिक्षणाधिकारी राहतात. वर लुंगीतले एक गृहस्थ चाळणी उजेडाकडे धरून तिची भोकं सारखी आहेत का ते बघत होते.

काका मूळचे नागपूरचे, कारखान्याच्या तपासणी खात्यात. म्हणजे इतरांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. पुष्कळ लोक हे काम फुकट करतात, काकांना ते नोकरी म्हणून मिळालं होतं. ते घरी येताना नोकरी खात्यात ठेवून येत नसत हीच अडचण. लग्नाच्या पंगतीत लाडू हातात घेऊन ते आधी त्याची गोलाई बघत. टाउनशिपच्या गणपतीत मंडपाचा खांब हलवून बघताना त्यांनी खांबासकट सजावट अंगावर घेतली होती आणि खालूनच म्हणाले होते, "पाहा, मी सांगून राहिलो होतो नं." काकूंनी भाजी वाढली की ते पहिला घास खाऊन क्षणभर थांबत. त्या वेळात काकू खुशाल दुसरीकडे बघत. "तीस वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या, "अजून 'ओके' नाही म्हणाले. पण ताट कधी परत नाही केलं."

शाळा तपासायचा नाद त्यांना कुठून लागला कोण जाणे. त्यांचा स्वतःचा मुलगा तर केव्हाच नोकरीला लागला होता. पण एप्रिल लागला की काका शिल्लक रजा काढत, स्कूटरला किक मारत आणि निघत. शाळेच्या पुढच्या फाटकानं ते कधीच शिरत नसत. "पुढून सगळेच चांगले असतात, सूनबाई. मागून जायचं." मागच्या बाजूला संडास, नळ आणि शिपाई अशा तीन गोष्टी असतात आणि शाळा म्हणजे त्या तीनच गोष्टी, असं त्यांचं मत. मग वर्गात जाऊन ते फळ्याखालचे खडू मोजत. तुकडे असले तर शिकवणं चालू आहे, अख्खे असले तर फक्त तास होतात. शेवटी मुख्याध्यापकांसमोर बसून ते एकच गोष्ट मागत: "आपके स्कूल का सबसे ढीला बच्चा दिखाइए." कारंजं असलेल्या एका मोठ्या शाळेचे प्रिन्सिपॉल छाती काढून म्हणाले, आमच्याकडे तसा कुणी नाहीच. काकांनी जागच्या जागी फॉर्म काढून लिहिलं, "मुलं ओळखत नाहीत. नापास." आणि प्रत्येक शाळेच्या नळाचं पाणी ते स्वतः पिऊन बघत. एका शाळेनंतर चार दिवस दवाखान्यात होते. तिथूनच त्यांनी अहवाल पाठवला. त्यात पाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "अयोग्य. पुरावा: मी."

अहवाल कार्बन लावून तीन प्रतींत व्हायचा. एक पालकांना, एक स्वतःला आणि एक चक्क पोस्टानं मुख्याध्यापकांना. निकाल दोनच, पास किंवा नापास. कारखान्यात म्हणे तिसराही एक असतो. एखादा भाग नकाशाप्रमाणे उतरला नाही, पण काम देईल असा असला, तर त्याला 'डेविएशन'वर पास करतात, म्हणजे चूक कबूल करून घेतात. काकांना या शब्दाचा मनस्वी राग. उभ्या नोकरीत त्यांनी एकदाही डेविएशनवर सही केली नव्हती. यावरून साहेबांशी भांडले, दोन बढत्या घालवल्या. "नकाशा म्हणजे नकाशा. चालून जाईल म्हणणारा माणूस मला चालत नाही."

आमची गोष्ट अशी, की आमची मेघू सहा वर्षांची होती आणि पुणं सोडल्यापासून घराबाहेर एक अक्षर बोलत नव्हती. घरात माझ्याशी बोलायची, तेही कानात. दारात कोणी आलं की तोंड कुलूप लावल्यासारखं. टाउनशिपच्या शाळेत मुलाखतीला तिला नाव विचारलं, फळांची नावं विचारली, ही बुटांकडे बघत राहिली. कोलार रोडकडच्या एका शाळेत तेच, जवाहर चौकाजवळच्या शाळेत तेच. तिथल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बच्ची को किसी डॉक्टर को दिखाइए." घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. शाळा कुठली चांगली हा प्रश्नच राहिला नव्हता. माझ्या मुलीला कोण घेईल, एवढंच उरलं होतं.

तेव्हा भाभीजींनी सांगितलं, की टाउनशिपच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत एका खेड्यात चर्चची एक लहानशी शाळा आहे, तिथं मुलाखत घेत नाहीत. इंग्रजांच्या वेळचं एवढंसं चर्च, शेजारी दोन खोल्या, एक ओसरी, पाचवीपर्यंत वर्ग. मला कुतूहलही वाटलं आणि धास्तीही. तिथं काय शिकवत असतील? सकाळी कुठली प्रार्थना म्हणत असतील? सासूबाईंचं पुण्याहून पत्र आलं, त्यात तीन पानांत 'बाटणे' हा शब्द पाच वेळा होता. मी मेघूला आणि ते पत्र घेऊन जिना चढले आणि काकांना म्हटलं, "एवढी एक शाळा बघा."

काकांनी मेघूकडे बघितलं. तिला एकही प्रश्न विचारला नाही. कपाटातून एक फॉर्म आणि पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "मी एकटा किती पाहू? ही असिस्टंट येईल माझ्यासोबत."

एरवी एका सकाळीत शाळेचा निकाल लावणारे काका त्या शाळेला आठ दिवस गेले. रोज सकाळी मेघू स्कूटरवर पुढं उभी, गळ्यात वॉटरबॅग, हातात फॉर्म. दुपारी दोघं परत आली की मी जिन्यात गाठून विचारायची, "काय ठरलं?" ते म्हणायचे, "चालू आहे." रोज जीव टांगणीला. पाचव्या दिवशी मी जरा तापूनच म्हटलं, "काका, एवढं काय आहे हो तिथं बघण्यासारखं? दोन तर खोल्या."

"पाहून राहिलो नं, सूनबाई. घाईनं तपासलेला माल मी पाठवत नाही."

नवव्या दिवशी अहवाल आला. तो मी जिन्यातच उघडला. छप्पर दोन जागी गळतं. चार वर्गांना मिळून एक मास्तरीणबाई, पाचवीला चर्चचे पाद्री स्वतः शिकवतात आणि गणित चुकवतात. करोंदच्या मंडीत धान्य न्यायचे दिवस आले की निम्मी मुलं गैरहजर. बाक तीन, तेही डुगडुगते. इंग्रजी: नावापुरतं. प्रार्थना: लांब, सूर बरा. 'धर्मांतराचा धोका' या खास सासूबाईंसाठी पाडलेल्या रकान्यात लिहिलं होतं, "आढळला नाही. मास्तरीणबाईंचं लंगडं बदक रोज प्रार्थनेला हजर असतं. अद्याप बदकच आहे." असे एकूण अकरा दोष, क्रमवार. आणि सर्वांत खाली, त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात: "डेविएशनवर पास." खाली पूर्ण सही.

मी कागद घेऊन तशीच वर गेले. काका बूट पुसत होते.

"अकरा दोष काढलेत आणि पास?"

"हो."

"तुम्ही तर कधीच असं करत नाही."

त्यांनी दुसरा बूट पुसायला घेतला. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशी ती ओसरीवर त्या बदकाजवळ बसून राहिली होती. बोलून राहिली होती त्याच्याशी. बरंच बोलली, दहा मिनिटं तरी. मास्तरीणबाईंनी पाहिलं, तर त्या आत निघून गेल्या. पोरांनाही आत घेतलं. वर्ग सोडून कोणी तिच्याकडे पाहायला नाही आलं. पुढचे दिवस मी तेच पाहिलं, रोज तसंच करतात की काय. रोज केलं."

मी अहवालाची घडी घातली. विचारलं, "काय बोलत होती हो?"

"ते कसं सांगू?" काका म्हणाले. "माझ्याशी नव्हती बोलत."

मेघू त्या शाळेत चार वर्षं गेली. गणित कच्चं राहिलं, ते आजतागायत आहे. पहिल्या दिवाळीपर्यंत ती फक्त बदकाशी बोलली, मग शेजारच्या मुलीशी, मग मास्तरीणबाईंशी, आणि त्यानंतर तिला गप्प कसं करायचं हा आमचा प्रश्न झाला. सासूबाई आल्या तेव्हा तिनं त्यांना चर्चची प्रार्थना आणि रामरक्षा पाठोपाठ म्हणून दाखवली. सासूबाईंनी दोन्हींना हात जोडले, उगीच धोका नको म्हणून.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि कोलार रोडला लहानसा फ्लॅट घेतला. मेघू आता लांब असते, पण दर रविवारी त्यांना फोन करते. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हाच तिचा फोन आला. काका खुर्चीत ताठ बसले आणि मोबाइल कानाला लावला. अर्धा तास झाला तरी हूं की चूं नाही. काकू चहा गाळता गाळता हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, त्या कानानं काहीच ऐकू येत नाही त्यांना. दुसऱ्यानंही जेमतेमच. तिला सांगू नको म्हणतात. आणि फोन मागितला तर देत नाहीत."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या जवळ जाऊन, जरा मोठ्यानं विचारलं, "काय म्हणत होती मेघू?"

"कोणास ठाऊक," काका म्हणाले. "पण बोलून राहिली होती नं."