एकाच पानावर अडणारा पार्सर

मोजता येत नाही ते मी मानत नाही. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली; प्रोग्राम अडला की कारण सापडतंच, हा माझा अनुभव... एक प्रसंग सोडून.

लालबागला आमच्या चाळीत इंदूकाकू शेजारी राहतात. यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी नावांच्या याद्या वेबसाइटवर लागल्या. नाव असेल तर सोमवारपर्यंत दावा करायचा, नाहीतर घर विसरायचं. याद्या म्हणजे हजारो पानं, शोधायची सोय नाही, आणि टेबलं इतकी मोडकी की कुठलाही तयार प्रोग्राम ती वाचेना. म्हणून शनिवारी सकाळी बसून पानांतली नावं वेचणारा पार्सर मीच लिहिला.

पहिली शंभर पानं झरझर गेली. मग सगळी लावली — आणि एका पानावर गाडी अडली. इतर पानांना सेकंदाचा शंभरावा भाग. ह्या एकाला अकरा मिनिटं. मेमरी ठीक, प्रोसेसर जवळजवळ रिकामा. काम आठ प्रोसेसमध्ये वाटलं — सात पुढे गेल्या, आठवी तिथेच. दुसऱ्या लॅपटॉपवरही तेच पान, तीच अकरा मिनिटं. आणि शेवटी निकाल: काकूंच्या यजमानांचं नाव कुठेच नाही.

"नाव वेगळं लिहिलं असेल, पुन्हा शोधते. पण ह्या पानाला टाइमआउट लावते," मी म्हटलं. "पाच सेकंदांत वाचून झालं नाही तर पान सोडून पुढे."

"सोडतंस कित्याक गो?" काकू चहा ठेवत म्हणाल्या. "मशीन थंय अडता, तर डोळ्यान बघ. का डोळे पण ऑफिसात ठेवन इलंस?"

पान उघडलं. साधं टेबल, चाळीस नावं, वावगं काहीच नाही. मी मोठ्याने वाचत गेले. सतराव्या नावाला काकूंनी माझा हात धरला.

"हो तर माझो दीर!"

दीर गावी गेले ते परतलेच नाहीत. लग्नही न करता वारले. त्यांच्या जागी, त्यांच्याच नावाच्या हजेरीच्या बिल्ल्यावर, काकूंचे यजमान गिरणीत कामाला उभे राहायचे. गिरणीत असं चालायचं.

"मग हे नाव आधी का नाही दिलंत, काकू?"

"नाव दुसऱ्याचा. आपलो काय हक्क, म्हणान गप रवलंय."

बिल्ला मात्र देव्हाऱ्यात जपलेला होता. यादीत नावापुढे असलेला नंबर त्याच्याशी जुळला. सोमवारी रांगेत उभी राहून मी वारस म्हणून काकूंचा दावा दिला, शिक्क्याची पोच घेतली.

घरी येऊन पार्सर पुन्हा चालवला. तेच साठवलेलं पान, तोच कोड, एक अक्षरही बदललेलं नाही... सेकंदाचा शंभरावा भाग!

पुढे कित्येक रविवार मी त्या कोडच्या मागे घालवले. ती अकरा मिनिटं पुन्हा कधी दिसली नाहीत. काकूंच्या मते कारण एकच: दिरानेच ते पान अडवून धरलं होतं. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही.

काकूंचा दावा मंजूर झाला. आता चाळीतल्या इतरांसाठीही मी तोच पार्सर चालवते. अजून एकही पान अडलेलं नाही. टाइमआउट मात्र मी लावलेला नाही.